लोण्याने धरलेला वास

"मग हे पडदे काय खोटं बोलताहेत?" सोनलने सकाळी धुऊन वाळवलेला पडदा जावेच्या नाकाशी धरला. "घ्या ना, हुंगा. तुमचं तर कामच आहे ते."

भानुमतीने मान मागे घेतली. "साबणाचा वास येतोय."

"साबणाच्या खालचा सांगा, जीजी."

"सोनल, कारखान्यातून निघताना मी अंघोळ करते. तिथले कपडे तिथेच ठेवते, चपलासुद्धा. डोक्याला टोपी असते. अजून काय करू? कातडी काढून ठेवू?"

"मग येतो कुठून? भाऊजी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाहीत. घरात दुसरं कोण आहे खाणारं? काल पलक शाळेतून आली आणि जिन्यात उभीच राहिली. म्हणाली, मम्मी, पापा की स्मेल आ रही है. मतलब मला एकटीलाच भास होतोय असं नाही ना?"

"कारखान्यातला तो माल बंद होऊन तीन वर्षं झाली."

"बंद झालाय म्हणता आणि तुमच्या कारखान्याचे ते यशवर्धनजी फोनवर विचारतात, भाभीजी, वो तांबूलवाला कब दे रही हैं? परवा फोन मीच उचलला होता."

भानुमतीने पडदा हाताने बाजूला सारला. तिचा नवरा लक्ष्मीकांत वर्तमानपत्रामागून म्हणाला, "अरे भई, आठ दिवसांवर महालक्ष्म्या आल्यात. सणाच्या तोंडावर कशाला..."

"तुम्ही राहू द्या, भाऊजी. तुम्हाला सर्दी असते बारा महिने." सोनलने पडद्याची घडी घातली, मोडली, परत घातली. "मी सरळच सांगते. महालक्ष्म्यांची बोळवण झाली की मी पलकला घेऊन उज्जैनला भावाकडे जाते. दुकान भाड्यानं देईन. ज्यानं माझा नवरा नेला, तो वास रोज जिन्यात भेटायला लागला तर मी ह्या घरात कशी राहू? सांगा."

स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून सखुबाई फुलवाती वळत होत्या. सासूला या घरात आत्याबाई म्हणत. दोन सुनांचे भांडण चालू असताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही, आणि हे नवलच होते; एरवी त्या भाजीच्या फोडणीवरूनही निवाडा देत. वातींचे तबक बाजूला सारून त्या दाराच्या पडद्याला धरून हळूहळू उठल्या आणि भिंतीचा आधार घेत देवघराकडे गेल्या.

सोनल दुकानावर निघून गेली. भानुमती तो घडी घातलेला पडदा घेऊन गच्चीवर गेली. तिथून कृष्णपुऱ्यातल्या होळकरांच्या समाध्यांवरच्या छत्र्यांचे कळस दिसत. आजूबाजूला कुणी नाही असे पाहून तिने पडद्याची कड नाकाशी धरली आणि डोळे मिटले. साबण. त्याखाली ऊन. आणि त्याही खाली तो होता. तिला तो सोनलच्या महिनाभर आधीपासून येत होता. फक्त तिने कबूल केले नव्हते.

नाक हीच भानुमतीची सगळी मिळकत. धारला, माहेरी, ती लहान असताना शेजारपाजारच्या बायका तिला गमतीने बोलवायच्या: भानू, सांग गं, कुणाची डाळ लागली? आणि ती वाड्यातल्या वाऱ्याकडे तोंड करून बिनचूक सांगायची. इंदूरला होळकर कॉलेजातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली, जगदाळ्यांची सून झाली. जगदाळे म्हणजे कधीकाळी होळकरांच्या घोडदळातले. आता घरात तलवार नाही, फक्त दसऱ्याला पूजायला एक म्यान उरले आहे. सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात सरबताचे आणि कुल्फीचे इसेन्स बनवायला माणूस हवा होता. ती लागली. पुढे कारखान्याच्या जुन्या शेठनी तंबाखूत हात घातला. सरबताच्या टेबलावरची माणसे तीच राहिली, बाटल्या तेवढ्या बदलल्या.

काम अवघड होते, आणि खरे सांगायचे तर तिला ते आवडले. जुने शेठ म्हणायचे, सिगारेटवाल्याचं निम्मं काम आग करते. पान जळते, जळताना त्यातून शेकडो वास सुटतात, माणसाला वाटते चव लागली. इथे आग नाही. चहाच्या पिशवीची धाकटी बहीण म्हणावी अशी तंबाखूची इवलीशी पांढरी पुडी. ती ओठाखाली ठेवायची, आणि तोंडातली ऊब आणि लाळ एवढ्याच भांडवलावर तिने तासभर बोलत राहिले पाहिजे. डबी उघडताना येतो तो वरचा वास. पुडी भिजली की येतो तो मधला. आणि तासाने, सगळे विरघळून गेल्यावर जे तोंडात मागे राहते, ती पाठ. वरचे कुणीही करील. पाठ बसवायला भानुमतीच लागायची.

ती स्वतः तंबाखू तोंडात घालत नसे. कागदाच्या पट्टीवर थेंब घेऊन हुंगायची. कारखान्यातले चाखणारे सगळ्यालाच "बढिया है, मॅडम" म्हणायचे, म्हणून ती नमुने घरी आणू लागली. घरात चाखणारा होता भूषण, तिचा धाकटा दीर, सोनलचा नवरा. जेल रोडवर त्याचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान होते, जीभ सरळ होती आणि सिगारेट सुटत नव्हती.

"वहिनी, हे म्हणजे टूथपेस्ट खाल्ल्यासारखं झालं," तो म्हणायचा. किंवा, "पुढून पाटीलबाई, मागून पत्ताच नाही. याला पाठ नाही, वहिनी." तो म्हणाला की ती दुसऱ्या दिवशी बाटल्या परत उघडायची.

सिगारेटवरून घरात कायम तंटा असे. भानुमतीचे सासरे दौलतराव बिड्या ओढून दम्याने गेले होते. शेवटची दोन वर्षे ते खाटेवर बसून झोपत, आणि त्यांच्या छातीतला आवाज गल्लीत ऐकू येई. या घरात मरण धुरातून येते, असे आत्याबाईंनी तेव्हापासून ठरवूनच टाकले होते. भूषण गच्चीवर जाऊन ओढायचा तरी त्या खाली बसून रडायच्या.

आणि मग एका भाद्रपदात भानुमतीला तो तांबूल सुचला. महालक्ष्म्यांना जेवणानंतर विडा देतात तो या घरात कुटलेला असतो: विड्याची पाने, गुलकंद, बडीशेप, वेलची, जायपत्री, ज्येष्ठमध आणि चिमूटभर भीमसेनी कापूर. आत्याबाई तो लोखंडी खलात कुटायच्या तेव्हा तिन्ही मजल्यांवर सण पोचायचा. भानुमतीने तो वास बाटलीत पकडला. पाठ बसेना. कापूर आधी उडून जायचा आणि खालून तंबाखू उघडी पडायची. चारपाच वेळा भूषणने नापास केले. सहाव्या वेळी तो पुडी ओठाखाली ठेवून तासभर डोळे मिटून चाखत बसला. मग म्हणाला, "पाठ बसली बघा, वहिनी. आईच्या खलात तोंड घातल्यासारखं वाटतंय."

त्याची सिगारेट सुटली. खरोखर सुटली. ना धूर, ना राख, ना थुंकणे. घर नुसते हरखून गेले. आत्याबाईंनी आपली बोरमाळ काढून भानुमतीच्या गळ्यात घातली, सोनल तिच्या पाया पडली. त्या वर्षी महालक्ष्म्यांपुढे विडा मांडताना आत्याबाईंनी भूषणची डबी मागून घेतली, तिला हळदकुंकू लावले आणि विड्याशेजारी ठेवली. वास एकच होता. त्यांना त्यात वावगे काही वाटले नाही. कुणालाच वाटले नाही. डबीवर कॅन्सरचे चित्र होते, ते त्यांनी देवीकडे पाठ करून ठेवले. भानुमती रसायनशास्त्र शिकलेली होती. जाळली नाही तरी तंबाखू तंबाखूच राहते, हे तिला पक्के ठाऊक होते. पण गळ्यात सासूची बोरमाळ होती आणि दीर गच्चीवर जायचा थांबला होता. तिने ते ठाऊक असणे बाजूला ठेवून दिले.

भूषणला आधी पोह्यांवरचा जिरावन मसाला झोंबायला लागला. मग तोंड पुरते उघडेना. डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता, तो पहिल्यांदा भानुमतीनेच पाहिला. पुढे जे व्हायचे ते झाले. आधी जबडा गेला, मग माणूस गेला. दवाखान्यात त्याच्या ओठांवर तुळशीचे पान ठेवायला ती वाकली तेव्हा औषधांच्या, जंतुनाशकांच्या, जखमेच्या वासाखालून तिची पाठ तिला भेटली. खणखणीत. जिथे बसवली होती तिथेच.

त्यानंतर तिने शेठना सांगितले की त्यातले एक तेल आता मिळत नाही. ते खोटे होते. माल बंद पडला. तिने नोकरी सोडली नाही. बडीशेपेच्या गोळ्या, सरबते, असली कामे मागून घेतली. आता जुने शेठ घरी बसले होते आणि त्यांचा मुलगा यशवर्धन रोज तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा. "भाभीजी, धुआँ नहीं, थूक नहीं, दाग नहीं. आदमी ससुर के सामने बैठके खा ले. बस वो तांबूल वापस दे दो."

आणि नेमके याच दिवसांत घरात वास यायला लागला.

सोनलला ती सांगू शकली नव्हती ते हे: वास तिच्या कपड्यांतून येणे शक्यच नव्हते. कपड्यांतून आला असता तर वरचा आला असता, गुलकंद आणि कापूर. हा वरचा नव्हता. हा तासभर माणसाच्या तोंडात राहिलेल्या पुडीचा वास होता. जिन्याच्या चौथ्या पायरीवर, बाथरूमच्या कडीवर, दाराच्या पडद्यावर कुणीतरी ओठाखाली पुडी धरून नुकतेच येऊन गेल्यासारखा. असा वास जगात भानुमतीला एकाच तोंडाचा माहीत होता. एकदा दुपारी जिना चढताना तो इतका जवळून आला की तिने बाजूला सरून वाट दिली. मग कठड्याला धरून उभी राहिली. वाट कुणाला दिली हे तिने स्वतःला विचारले नाही.

पण भांडण झाल्यावर विचारणे भाग होते. सोनल गेली तर पलक जाणार. भूषणचे म्हणून जे घरात उरले होते ते सगळे जाणार. आणि जन्मभर सगळे म्हणणार की भानुमतीने आधी वास आणला आणि मग त्या वासाने घर फोडले.

बुधवारी तिने ताक केले. लोणी निघाले ते चार पाण्यांनी धुतले, आणि लहान लहान वाट्यांत लिंपल्यासारखे पसरले. लोणी वास धरते हे कुठल्याही बाईला ठाऊक असते. फ्रिजमध्ये चिरलेला कांदा शेजारी ठेवून बघावे. पूर्वी अत्तरवाले चरबीवर फुले पसरून वास धरायचे तेही हेच. तिने एक वाटी जिन्यात ठेवली, एक पलकच्या पलंगाखाली, एक सोनलच्या खोलीत, एक आपल्या कपाटात, कामावरच्या पिशवीला चिकटून. एक देवघरात.

"हे काय?" लक्ष्मीकांतने विचारले.

"मुंग्या कुठून येतात ते बघतेय."

सोनलने पलंगाखालची वाटी पाहिली. "वा. आता जादू-टोटके पण सुरू झाले," ती पलकला म्हणाली, पण जावेला ऐकू जाईल असे.

"मम्मी, यार, बटर है बस," पलक म्हणाली. "काकी का कुछ साइन्स होगा."

गुरुवारी दुपारी घर रिकामे होते. सोनल दुकानावर, पलक शाळेत, लक्ष्मीकांत पेन्शनच्या कामाला, आत्याबाई गल्लीतल्या राममंदिरात भजनाला. भानुमती वाट्या गोळा करत फिरली. एकेक वाटी बोटभर अंतरावर धरायची, लोणी बोटाने जरासे चोळायचे, आणि थांबायचे.

जिन्यात फिनाइल, ओल आणि त्यांच्या तळाशी तो, पण पुसट. पलकच्या खोलीत नेलपॉलिश आणि कसलासा गोड स्प्रे. आपल्या कपाटात डांबराच्या गोळ्या आणि इस्त्री. पिशवी निर्दोष सुटली. सोनलच्या खोलीतली वाटी तिने जास्त वेळ धरली. खोबरेल, पावडर. भूषणचे तिथे काहीच नव्हते. ज्या खोलीत तो वीस वर्षे झोपला तिथल्या लोण्याला तो लागला नव्हता. भानुमतीला का कोण जाणे, याचे फार वाईट वाटले.

देवघरातली वाटी तिने उचलली मात्र, आणि नाकाशी न्यायची गरजच पडली नाही. उदबत्ती वर होती, तूपवातीचा काजळलेला वास मध्ये होता, आणि पाठ तळाशी पक्की बसली होती. वाटीच्या ज्या कडेला लोणी जास्त वास धरून होते ती कड देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीकडे होती.

त्या पेटीत महालक्ष्म्यांचे मुखवटे असत. वर्षातून एकदाच निघत. किल्ली देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागे. मुखवटे चिंच लावून घासायचे काम दरवर्षी भानुमतीचेच असे, तेव्हा पेटी उघडायला तिला कुणाला विचारायचे कारण नव्हते. फक्त आठवडाभर लवकर होत होते. कुलूप वर्षभराच्या कुलपासारखे अडले नाही. तेल घातल्यासारखे उघडले.

दौलतरावांच्या जुन्या फेट्यात मुखवटे गुंडाळलेले होते. तिने ज्येष्ठेचा मुखवटा बाहेर काढला. पितळी चेहरा, मोठे डोळे, मिटलेले ओठ. तो दोन्ही हातांत समोर धरला आणि देवीने तिच्या तोंडावर श्वास सोडला.

भूषणचा श्वास. पुडी ओठाखाली ठेवून, जवळ येऊन, आता काहीतरी बोलणार असा. भानुमतीने मुखवटा सोडला नाही. पाठ बसली बघा, वहिनी. ती ऐकत राहिली. काही वेळाने तिने मुखवटा उलटा केला.

मागच्या पोकळीत डबी होती. तिच्या पाठीवर अजून हळदकुंकवाचा डाग. झाकण उघडले. एका बाजूला थोड्या कोऱ्या पुड्या. दुसऱ्या बाजूला वापरलेल्या, चपट्या, तपकिरी, वाळवून परत नीट रचलेल्या. पुन्हा वापरायला.

"ठेव ते खाली. देवीचं आहे."

आत्याबाई दारात होत्या. पडद्याला धरून उभ्या. भजन लवकर सुटले होते, नाहीतर त्या गेल्याच नव्हत्या.

"देवीचं नाही, आत्याबाई," भानुमती म्हणाली. "माझं आहे."

सखुबाई आल्या आणि पेटीशेजारी जमिनीवर बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी अशा खाली बसत नसत. पडद्याची कड सोडताना त्यांनी पुडी धरणारी बोटे तिलाच पुसली होती, सवयीने. तेव्हा भानुमतीला कळले, की पडदे, कडी, जिन्याचा कठडा, जिथे जिथे म्हातारी आधाराला हात लावते तिथे तिथे भूषण भेटत होता.

"कधीपासून?"

"तो गेला त्या वर्षापासून. दुकानातून डब्या निघाल्या. सोनल कचऱ्याच्या गाडीत टाकायला निघाली होती. मी म्हटलं, दे इकडे, मी टाकते."

"आणि?"

"आधी नुसती उघडून हुंगायची. देवापुढं बसून. मग डबीतला वास उडायला लागला गं." त्या मुखवट्याकडे बघत बोलत होत्या. "तूच म्हणायचीस ना त्याला, तोंडात धरल्याबगैर खरं कळत नाही. म्हणून एकदा धरली. आधी गरगरलं. मग असं वाटलं, बाजूला येऊन बसलाय. अगदी असा, हाताच्या अंतरावर. बोलत नाही काही. बसतो."

"त्यानंच तो गेला, आत्याबाई."

"मला ठाऊक नाही का ते? मी आई आहे त्याची." त्यांचा आवाज चढला नाही. "मला आता काय व्हायचंय? अठ्ठ्याहत्तर झाली."

"उठा. खिडकीपाशी या."

"कशाला?"

"आ करा."

सखुबाईंनी इकडेतिकडे पाहिले आणि लहान मुलीसारखे तोंड उघडले. उजेड सरळ आत पडला. डाव्या गालाच्या आत, दुधावर साय धरावी तसा, खडबडीत पांढरा चट्टा होता. भूषणचा होता त्याच बाजूला. भानुमतीने बोटाने गाल जरा ओढून धरला, आणि त्या उघड्या तोंडातून तिचा तांबूल तिच्याकडे आला. पूर्ण. कशातही कमी न पडलेला.

"आहे ना?" आत्याबाईंनी विचारले.

"आहे काहीतरी. दाखवावं लागेल."

"सोनलला सांगू नकोस." त्यांनी सुनेचे मनगट धरले. "नवऱ्याच्या आईनं त्याच डबीतलं चघळलं म्हटल्यावर ती एक दिवस राहायची नाही. पोरीला घेऊन जाईल. पलकचं हसणं त्याच्यासारखं आहे, तेवढं तरी राहू दे घरात. तू म्हणशील तिथं येते मी. पण तिला नको."

"नाही सांगत."

सखुबाईंनी मनगट सोडले नाही. मग त्या खालच्या आवाजात, दुधवाल्याला उद्याचे सांगावे तशा म्हणाल्या, "तुझ्या कारखान्यात तो माल परत काढणार आहेत म्हणे. सोनल बोलत होती. खरं का? ह्या आता संपत आल्यात."

भानुमती त्यांच्याकडे बघत राहिली. म्हातारीच्या डोळ्यांत दुःख होते, तसेच होते. पण त्याच्याही मागे दुसरे काहीतरी होते. ते तिने भूषणच्या डोळ्यांत पाहिले होते, नमुना आणायला उशीर झाला की. तेव्हा ती ते आपल्या कामाचे कौतुक समजली होती.

तिने डबी पदराखाली घेतली आणि खाली गेली. दारामागे कचऱ्याचे सहा डबे ओळीने मांडलेले होते, इंदूरच्या कुठल्याही घरात असतात तसे. ओला, सुका, प्लास्टिक. मग जुन्या गोळ्या आणि फुटलेले बल्ब टाकतात त्या घातक कचऱ्याच्या डब्यात तिने कागदात गुंडाळून डबी टाकली. वाट्यांतले लोणी खरवडून त्यावर टाकले. हात चिंचेने धुतले, राखेने धुतले. टेबलावर फोन वाजत होता, यशवर्धनचा. तिने तो पालथा ठेवला आणि कणीक मळायला घेतली.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. लक्ष्मीकांत, पलक, सोनल. भिंतीला टेकून खुर्चीत आत्याबाई. पलकच्या शेजारची जागा, जिथे भूषण बसायचा, अजून कुणी घेत नसे. भानुमती वाढत होती. आमटी वाढताना ती त्या जागेपाशी वाकली आणि थांबली.

डबी रस्त्याच्या बाजूला, तीन दारांपलीकडे होती. आत्याबाईंनी तिच्यासमोर मिठाच्या पाण्याने चूळ भरली होती, पडदे साबणात भिजत होते. आणि तरी त्या रिकाम्या जागेवरून तो आला. हळू, उबदार, ओळखीचा. तिने सोनलकडे पाहिले. सोनल भाकरी मोडत होती. तिला काही आले नव्हते. पलकलाही नाही. आता तो फक्त भानुमतीलाच येत होता आणि यापुढे येतच राहणार होता, हे तिला कळले. ज्याने बनवला त्याच्याकडे तो परत आला होता.

तिने आमटीचे पातेले खाली ठेवले.

"सोनल," ती म्हणाली, "तुझं बरोबर होतं. वास माझाच होता. मीच आणला घरात."

सोनलचा घास हातात राहिला. तिने भांडणाची तयारी ठेवली होती, याची नाही. "जीजी, मी काय असं..."

"ऐक. राजीनामा लिहून झालाय, उद्या देऊन येते. यशवर्धनला तो तांबूल कुणी देणार नाही, कारण तो माझ्याशिवाय कुणाला येत नाही."

लक्ष्मीकांत म्हणाला, "अगं, असं एकदम? विचार तरी..."

"झालाय."

आत्याबाई खुर्चीत ताठ बसून होत्या. त्यांनी पदराने ओठ टिपले आणि पदर तसाच तोंडावर धरून ठेवला. भानुमतीने त्यांच्याकडे पाहिले नाही.

"उज्जैनला कुणी जाणार नाही. महालक्ष्म्यांना तांबूल कुटायचा नाही, यंदाही नाही आणि पुढेही नाही; बडीशेप ठेवू. खल मी उद्या माळ्यावर टाकतेय. आणि सोमवारी सकाळी मी आत्याबाईंना दवाखान्यात नेणार आहे. त्यांची दाढ दुखतेय."